देवबागचे अकरा महिने आणि आमचा ४२ पदार्थांचा मेनू

तिरफळ_घातलंस_का | मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. मागच्या आठवड्यात एका धाग्यावर सहज लिहिलं होतं की आमच्या खानावळीत तिसऱ्या (शिंपल्या) फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मिळतात. त्यावर तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, हे कसलं व्रत? व्रत नाही हो. पण उत्तर प्रतिसादात मावेना म्हणून हा धागा. खानावळीचं नाव लिहीत नाही, नाहीतर जाहिरात म्हणून धागा उडेल. पुण्यात आहे, सात टेबलं आहेत, एवढं पुरे.

मी आणि नवरा दोघंही कॅन्टीनच्या धंद्यातले. कंपन्यांना जेवण पुरवायचो. २०२० मध्ये कंपन्या घरी बसल्या, कंत्राटं गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून घासत गेलं आणि मामेसासऱ्यांच्या देवबागच्या घराची निम्मी कौलं घेऊन गेलं. पंधरा दिवसांत घर शाकारून देऊ आणि परत येऊ, या हिशोबानं निघालो. परत आलो पुढच्या एप्रिलमध्ये.

ज्यांनी देवबाग पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक निमुळती पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. काही ठिकाणी इतकी चिंचोळी की समुद्राकडे दात घासायला लागावं आणि चूळ खाडीत भरावी.

आम्ही पोचलो तेव्हा वीज नव्हती, आणि १ जूनपासून मासेमारी बंदी. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस. मी मनात म्हटलं, समुद्राच्या दारात येऊन आता डाळभात खायचा. मामींनी माळ्यावरून डबे काढले: सुके बांगडे, गोलमो (सुका जवळा), सुकी सुंगटं (कोळंबी). दोन महिने त्यावर, कुळथाच्या पिठीवर आणि फणसाच्या आठळ्यांवर काढले. परसात टाकळा उगवला की टाकळा. मी वीस वर्षं स्वयंपाकाच्या धंद्यात, पण सुक्या बांगड्याला भाजून नुसतं खोबरं, मिरची आणि कोकम लावलं की तो कुठल्या कुठे जातो, हे मला तिथे कळलं.

दुसरी गोष्ट खुब्यांची. (पुण्यात आम्ही सगळ्यालाच तिसऱ्या म्हणून टाकतो, तिकडे खुबे, मुळे, शिनाणे असे वेगवेगळे प्रकार आणि त्यांच्यावरून वाद.) पावसाळा सरल्यावर मी मामींना म्हटलं, आज खुबे करूया. त्या म्हणाल्या, "आज नवमी, आज कसले खुबे?" मला वाटलं उपास असेल. उपास नव्हता, पाणी नव्हतं. म्हणजे पाणी जास्त होतं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. खुब्यांची वाळू उघडीच पडत नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. खाडी लांबपर्यंत कोरडी पडते आणि बायका टोपल्या घेऊन उतरतात.

मीही उतरले. वाळूत पायाच्या बोटांनी चाचपायचं, टोचलं की वाकायचं. बाजूच्या बाया बोलता बोलता टोपली भरत होत्या. मला तीन तासांत जेमतेम दीड किलो मिळाले आणि दोन दिवस पाठ धरली. कॅन्टीनमध्ये मी फोनवर "वीस किलो पाठवा" म्हणायचे. त्या वीस किलोंत किती पाठी वाकल्या, हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

तिसरी गोष्ट रापणीची, आणि खानावळ खरी तिथून निघाली. ऑक्टोबरात पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. अंधारातच होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून येते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि तीस-चाळीस माणसं दोन्हीकडून ओढतात. नवऱ्यानं रोज जाऊन दोराला हात लावायला सुरुवात केली. हात लावला की वाटा. एका दिवशीचा वाटा मला पाठ आहे: अकरा पेडवे, दोन लेप, एक माकुल. सुरमई नाही, पापलेट नाही. पुण्यात हा वाटा कोणी पिशवीतही घेणार नाही. मामींनी पेडव्यांचं तिखलं केलं, लेप रव्यात घोळवून तळले, माकुल कांद्यावर परतला. चार माणसं जेवली. नवरा हात धुता धुता म्हणाला, "खानावळ काढायची तर अशी."

आणि मग आम्ही काय केलं? पुण्यात येऊन अगदी उलटं केलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडलं. ४२ पदार्थ. भिंती निळ्या, छताला जाळं, जाळ्यात शिंपले. (जाळं खरं होतं, वापरलेलं. एप्रिलच्या उन्हात त्यानं असा काही वास सोडला की वरच्या मजल्यावरचे काका खाली आले.) सगळे म्हणाले लोकांना सुरमई-पापलेट लागतं, म्हणून बारा महिने सुरमई-पापलेट. जून २०२३ मध्ये एक वयस्क बाई जेवायला आल्या. बोलण्यावरून मालवणच्या. सुरमईचा तुकडा उलटा करून पाहिला आणि विचारलं, "जुनात ही खयसून हाडलास?" (जूनमध्ये ही कुठून आणलीस?) नवरा काहीतरी पुटपुटला. फ्रीझरमधून, हे काही त्याच्या तोंडून निघेना. त्या रात्री आम्ही मेनूकार्डावर पेनानं काट मारत बसलो. नऊ पदार्थ उरले.

आता फळा आहे. गाडी मालवणहून कोल्हापूरमार्गे रात्रभर येते, सकाळी पेटी उघडते, मग फळा लिहिला जातो. थाळीत एक "रापणीची वाटी" असते, तीत काय येईल ते आम्हालाही आदल्या दिवशी माहीत नसतं. जून-जुलै सुका बाजार (सुकी मासळी) आणि रानभाज्या.

प्रश्न असा: गिऱ्हाइकाला "आज नाही" हे कसं सांगता? दिवसातून वीस वेळा सांगून जीभ दुखते. धंद्यातले कोणी इथे असतील तर सांगा. आणि किनाऱ्यावरचे असतील तर माझं कुठे चुकतंय तेही सांगा.

पोटोबा | मंगळवार, रात्री ११:४१

वा! पहिला नंबर. जाळ्याचा वास वाचून फुटलो. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

हिशोबनीस | बुधवार, सकाळी ८:०५

लेख छान, पण रोमँटिक वाटला. सात टेबलं, नऊ पदार्थ, मालवणहून रोजची गाडी. भाडं पुण्याचं. हे चालतं कसं? की दुसरा धंदा आहे आणि हा हौसेचा?

तिरफळ_घातलंस_का | बुधवार, दुपारी ३:३०

हिशोबनीस, हौसेचा नाही हो, कर्जाचा आहे.

रोज नाही, आठवड्यातून चार दिवस गाडी. आणि ती आमची एकट्याची नाही, तिघांची मिळून. ४२ पदार्थ होते तेव्हा प्रत्येकाचा थोडा थोडा माल ठेवावा लागायचा आणि सोमवारी सकाळी फ्रीझर उघडला की रडू यायचं. आता संध्याकाळी पेटी रिकामी. पेडवा-तारली सुरमईच्या मानानं फार स्वस्त पडते, पण साफ करायला माणूस लागतो. वाचलेले पैसे मजुरीत जातात. सोमवार-मंगळवार बंद. दोन वर्षांत सुट्टी घेतली नव्हती, आता आठवड्याला दोन दिवस मिळते, हा नफा वहीत दिसत नाही.

रापणीचो_नातू | बुधवार, संध्याकाळी ७:१२

माझो आजो रापणीत होतो. पहाटे चाराक उठान दोरी ओढूक जाय. तेका कोणी "किनाऱ्याकडसून तुमका काय प्रेरणा गावली" असा इचारल्यान असता तर तेनी हातातलो पेडवो तेच्या तोंडार मारल्यान असतो.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. ताई, तुमच्यावर राग नाही, तुम्ही निदान दोर ओढलात. पण दर हिवाळ्यात कोणीतरी शहरातून येतं, चार सूर्यास्त बघतं आणि जाऊन हॉटेल काढतं. आमच्याकडे ज्याला मत्स्यदुष्काळ म्हणतात तो त्यांना दिसत नाही. पर्ससीनवर (माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं) २०१६ मध्ये राज्य सरकारनं निर्बंध आणले, एलईडीचे दिवे लावून मासे ओढणाऱ्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्रानं बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की लांब उजेड दिसतो. आजोबांच्या रापणीला लोक पुरायचे नाहीत एवढा मासा असे. आज कधी कधी दोन तास ओढून जाळ्यात जेलीफिश आणि प्लास्टिक येतं. त्या दिवशी तुमच्या "रापणीच्या वाटीत" काय असतं?

तिरफळ_घातलंस_का | बुधवार, रात्री १०:५०

दादा, त्या दिवशी वाटीत कुळथाची पिठी असते. खोटं नाही सांगत. फळ्यावर "रापण रिकामी" असं लिहितो. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा लोकांना वाटलं नवीन पदार्थाचं नाव आहे, दोघांनी मागवला.

सूर्यास्ताबद्दल म्हणाल तर अकरा महिन्यांत मी मोजून तीन-चार पाहिले असतील. त्या वेळेला चुलीपाशी असायचे.

जेलीफिशचा मुद्दा मात्र मी धाग्यात लिहायला हवा होता. आम्ही होतो तेव्हाही दोन वेळा तसं झालं. ओढणारे चाळीस लोक, आणि कोणी काही बोलत नाही, जाळं झटकायचं आणि घरी जायचं. ती शांतता माझ्या लक्षात आहे. लिहिताना मी वाट्याची गोष्ट निवडली कारण ती सांगायला बरी वाटते.

पाणकावळा | गुरुवार, सकाळी ६:५५

धागा वर काढतो. धागाकर्तीनं तिथी आणि पाण्याचं लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात थोडी भर.

आमच्याकडे अलिबागला जुनी माणसं भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीनं काढतात. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. अष्टमी असेल तर ८ × ३ ÷ ४ = ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. चतुर्थी असेल तर तीनला. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासापेक्षा थोडा जास्तच उशिरा येतो, म्हणून हिशोब थोडा इकडेतिकडे होतो. पण घड्याळाशिवाय होडी काढायला पुरतो.

हे गणित मुंबई-अलिबागचं. पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळे मालवण-गोव्याला भरती आपल्यापेक्षा साधारण तासभर आधी. शिवाय उंचीतही फरक. मुंबईला पावसाळ्यातल्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी जातं, तिकडे त्यापेक्षा बरंच कमी. म्हणून देवबागला उधाण आणि भांग यांतला फरक महत्त्वाचा: मुळात पाणी कमी उतरतं, त्यामुळे महिन्यातले थोडेच दिवस ती वाळू उघडी पडते.

बंदीबद्दलही गैरसमज असतो. ती फक्त खवळलेल्या समुद्रामुळे नाही. बऱ्याच माशांचा विणीचा काळ पावसाच्या आगेमागे असतो. आणि बंदी यांत्रिक नौकांना आहे, बिगरयांत्रिक होडीनं खाडीत मासे धरणाऱ्याला नाही. त्यामुळे जुलैत खाडीचा मासा दिसला तर लगेच चोर म्हणू नये.

रापणीचो_नातू | गुरुवार, सकाळी ९:३०

पाणकावळेनू, पाऊणपटीचा ह्या आमका ठावक नव्हता. आमच्याकडे आजो नुसतो पाण्याकडे बघी आणि सांगी.

उरणची_सून | गुरुवार, दुपारी २:१५

मी माहेरची कर्जतची, लग्न होऊन उरणला आले तेव्हा मासा कापता येत नव्हता, आता सासू माझ्याकडे जिताडा कापायला देते. :)

धागाकर्ती ताई, तुम्ही सुक्या मासळीचं लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे त्याला आगोट भरणं म्हणतात. मे महिन्यात जवळा, बोंबील, वाकट्या, मीठ, मिरची, सगळं पाऊस पडायच्या आत घरात. शहरातल्या हॉटेलात सुकट कोणी मागत नाही, मागायला लाजतात. वासामुळे.

आणखी एक सांगते. आमच्याकडे मिठागरांच्या बांधावर मोरस नावाची भाजी उगवते. बारीक, मांसल पानं, चव खारट. उकडून पाणी पिळून टाकायचं, मग कांदा, लसूण, मिरची आणि मूठभर जवळा. वरून मीठ घालायचं नाही! नवीन सून हमखास घालते (मी घातलं होतं) आणि मग सगळं घर पाणी पीत बसतं. तुमच्या फळ्यावर ही शोभेल. पण मिठागरं बुजत चालली, मोरसही शोधावी लागते. आधी घराच्या मागे मिळायची, आता रिक्षा करून जावं लागतं. भाजीपेक्षा रिक्षा महाग.

वाट_चुकलेला | गुरुवार, रात्री ११:०२

मोरस वाचून राहवलं नाही. कामानिमित्त दोन वर्षं स्पेनमध्ये सेव्हिलला होतो. तिथून दक्षिणेला कादिझच्या उपसागरापाशी एल पुएर्तो दे सान्ता मारिया नावाचं गाव आहे. खाजणं, मिठागरं, चिखल, बगळे; डोळे किलकिले केले तर उरणच. तिथे आन्हेल लेऑन नावाच्या शेफचं आपोनिएन्ते म्हणून रेस्टॉरंट आहे, २००७ साली सुरू झालेलं. २०१५ पासून ते भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या एका जुन्या पिठाच्या गिरणीत आहे, १८१५ ची इमारत. भरतीला पाणी आत घ्यायचं, अडवायचं, ओहोटीला सोडून जातं फिरवायचं, अशी ती गिरणी.

हा माणूस लहानपणी वडिलांबरोबर मासेमारीला जायचा. बोटीवरून जे मासे परत समुद्रात फेकतात, ज्यांना बाजारात भाव नाही, तेच त्यानं स्वयंपाकघरात आणले. डुकराच्या मांसाचे करतात तसले सॉसेज त्यानं माशांचे केले. समुद्रातलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढवून पदार्थात वापरलं. मग समुद्री गवताच्या मागे लागला. त्या गवताला पाण्याखाली बी येतं, ते भातासारखं शिजवून खाता येतं, म्हणून खाजणात त्याची लागवड सुरू केली. २०१७ च्या अखेरीस मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तिसरा तारा मिळाला.

जेवलो का? छे. मी बाहेरून गिरणी बघितली, फोटो काढला आणि गावात जाऊन तळलेले मासे खाल्ले. तेही झकास होते.

मुद्दा असा की तुमच्या मामींचे अकरा पेडवे आणि त्याचे फेकलेले मासे, कल्पना एकच. फक्त त्याच्याकडे गिरणी आहे.

पोटोबा | गुरुवार, रात्री ११:१५

आणि तारे. आमच्या मोरसाला तारे कधी?

उरणची_सून | शुक्रवार, सकाळी ७:४०

तारे नकोत, बांध ठेवा म्हणावं.

गवारीची_भाजी | शुक्रवार, दुपारी १२:१०

मी पूर्ण शाकाहारी, तरी धागा शेवटपर्यंत वाचला. एक भाबडा प्रश्न. नऊ पदार्थांत आमच्यासाठी काय? की समुद्राची प्रेरणा फक्त मत्स्याहारींना?

तिरफळ_घातलंस_का | शुक्रवार, दुपारी ४:४५

गवारीची_भाजी, नवांपैकी तीन शाकाहारी आहेत आणि खरं सांगू, त्यांच्यावर जास्त मेहनत आहे.

मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूंची उसळ. ते काजू सोलताना बीच्या टरफलातला चीक हाताची कातडी घालवतो, म्हणून भाव तसा. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) येतात. ते फोडून, साल आगळात (त्यांच्याच रसात) बुडवून वाळवून, असं बऱ्याचदा केलं की सोलं होतात. (सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी बाजारात काळी, मिठानं भरलेली, कसलीही सोलं खपतात.) पावसाळ्यात फोडशी, टाकळा, अळू. आणि सोलकढी बारा महिने, नारळ हातानं पिळून. वाटायला मिक्सर असतोच, पण पिळायला हात.

मीठ आम्ही शिरोड्याचं वापरतो, खडे मीठ. १९३० चा मिठाचा सत्याग्रह जिथे झाला तेच शिरोडा. हे मी भिंतीवर लिहिणार होते, नवऱ्यानं अडवलं. म्हणाला, आधी जाळं लावलंस, आता इतिहास लावू नकोस.

हिशोबनीस | शुक्रवार, संध्याकाळी ६:००

नवऱ्याला दंडवत.

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाला कोणीच हात घातला नाही, म्हणून मी घालतो. माझ्या भावाची मिसळीची गाडी होती. तो सांगायचा, "नाही" म्हणताना पुढे लगेच "हे आहे" म्हणायचं, मध्ये श्वास घ्यायचा नाही. "सुरमई नाही तारली आहे." एका दमात. गिऱ्हाईक अर्ध्या वेळा तारलीच ऐकतं.

तिरफळ_घातलंस_का | शुक्रवार, रात्री १०:३०

हे उद्यापासून करून बघते. आत्तापर्यंत मी पंधरा मिनिटं कारणं सांगायचे. तिथी, भांग, उधाण. लोक उठून जायचे.

पाणकावळा | शनिवार, सकाळी ७:२०

थोडं कडू बोलतो. तुमच्यासारखी आणखी दहा खानावळी निघाल्या आणि सगळ्यांनी अमावस्येला खुबे मागितले, तर त्या वाळूत किती दिवस खुबे राहतील? खाडीत वाळूउपशानं आधीच बरंच गेलंय. निसर्गाच्या चक्राप्रमाणे खातो म्हणणं सोपं आहे, पण ते चक्र एका गावाच्या पोटापुरतं होतं. पुण्याच्या नाही.

पापलेटचंच बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, पापलेटचा १३५ मिलिमीटर. आणि बाजारात तळहाताएवढी पिल्लं अजून ढिगानं दिसतात, कारण "छोटं पापलेट तव्यावर छान बसतं". मागणी आधी, नियम मागून.

तिरफळ_घातलंस_का | शनिवार, दुपारी ३:५०

याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. काय करतो तेवढं सांगते.

खुबे आम्ही एकाच वाडीतल्या बायकांकडून घेतो. त्या सांगतील तेवढेच. मी आकडा सांगत नाही. मागच्या पौर्णिमेला त्यांनी सहा किलो पाठवले आणि निरोप दिला की बारीक आहेत, पुढच्या खेपेला नको. पुढच्या खेपेला फळ्यावर खुबे नव्हते. भाव त्या ठरवतात. सुरुवातीला नवऱ्यानं घासाघीस केली होती, मग मी त्याला एकदा ओहोटीला उतरवलं. त्यानंतर केली नाही.

पण दहा खानावळी निघाल्या तर? माहीत नाही. मी हा धागा लिहून त्यात भरच घालते की काय, असंही वाटून गेलं. म्हणून वाडीचं नाव लिहिलेलं नाही.

दुसरं एक. आमची सुरुवातीची चूक: खुबे बर्फात घालून मागवायचो. बर्फ वितळून गोड पाणी लागलं की ते मरतात, सकाळी निम्मे तोंड उघडून पडलेले. आता ओल्या गोणपाटात येतात, बर्फ खाली, मध्ये फळी. तोंड मिटलेले तेवढेच घ्यायचे, आणि शिजल्यावर जे उघडत नाहीत ते टाकायचे. मामींनी हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं कारण आम्ही कॅन्टीनवाले.

वाट_चुकलेला | शनिवार, रात्री ९:१८

पाणकावळा, मुद्दा मान्य. पण उलट बाजूही आहे. पेडवा, लेप, ढोमा यांना पानात जागा मिळाली तर सुरमई-पापलेटवरचा ताण थोडा तरी हलका होईल ना? की हा माझा भाबडेपणा?

पाणकावळा | शनिवार, रात्री १०:०५

थोडा भाबडेपणा. थोडा बरोबर.

रापणीचो_नातू | रविवार, सकाळी ८:४०

काल आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या बायेक सांग, पेडव्याच्या तिखल्यात तिरफळां ठेचून घालतत, अख्खी नाय." आणि विचारते, ती जुनात सुरमई उलटी करून बघणारी बाई कोण होती, आपल्या वाडीतली तर नव्हे.

मी पुण्याला पुढच्या महिन्यात येतोय, कामासाठी. तुमच्याकडे येईन. रापण रिकामी असली तरी चालेल, पिठी खाईन. पण फ्रीझरमधलं काही दिलंत तर इथे येऊन लिहीन.

तिरफळ_घातलंस_का | रविवार, दुपारी १:२०

दादा, या. पत्ता व्यनित पाठवते. आईंनाही आणा, तिखलं त्यांच्यासमोर करते, कुठे चुकतं ते तिथेच कळू दे. त्या बाई परत आल्या नाहीत. मी अजून वाट बघते.

गवारीची_भाजी | रविवार, रात्री ८:५५

अवांतर: कोणीतरी भेट दिलेली तिरफळं घरात वर्षभर पडून आहेत. ठेचायची म्हणजे बियांसकट का?

उरणची_सून | रविवार, रात्री ९:०७

नाही नाही. काळं बी टाकून द्यायचं, साल ठेवायची. आणि वर्ष झालं असेल तर आधी वास घेऊन बघा.